वसंत ऋतूतील श्वानवसतिगृह : मुळशीकडील एक पाहणी

वसंताची चाहूल कोकिळेच्या कूजनावरून किंवा पळसाच्या फुलांवरून ओळखावी, असा साहित्यात जुना संकेत असला, तरी पुण्याच्या पश्चिमेस पिरंगुट-पौडच्या आसपास आणि त्यापुढे मुळशी धरणाच्या अलीकडील गावांतून गेल्या काही वर्षांत जी श्वानवसतिगृहे उभी राहिली आहेत, त्यांच्या चालकांना ती फोनच्या घंटीवरून कळते. पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे दोन महिने होत. वसतिगृहाच्या नोंदवहीप्रमाणे मात्र हा ऋतू दहावीचा शेवटचा पेपर संपतो त्या संध्याकाळी सुरू होऊन जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत चालतो. या काळात पुण्यातील कुटुंबे श्रीनगरची ट्युलिपची बाग पाहण्यास, कोकणात आंबे खाण्यास किंवा एकापाठोपाठ एक येणाऱ्या लग्नांना हजेरी लावण्यास बाहेर पडतात, आणि घरातील सर्वांत लाडक्या जिवाला बरोबर नेता येणार नाही ही गोष्ट तिकिटे काढून झाल्यानंतर त्यांच्या ध्यानात येते.

श्वानवसतिगृह, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ‘बोर्डिंग’, ही मालक परगावी असताना त्याच्या कुत्र्याला दिवसाच्या हिशेबाने सांभाळणारी जागा होय. हा हिशेब साधारणपणे दिवसाला पाचशे ते हजार रुपयांच्या दरम्यान असतो, आणि शेजारच्या रानात हरभरा काढायला जाणाऱ्या बाईची रोजी त्याच्या वर सहसा जात नाही, या वस्तुस्थितीवर गावच्या पारावर वेळोवेळी चर्चा होते. माणूस आणि कुत्रा यांच्यातील सहवासाचा करार किमान चौदा हजार वर्षे जुना असल्याचे पुरातत्त्वज्ञ मानतात, आणि त्या करारात राखणीचे काम कुत्र्याकडे आहे याविषयी पारावरील वडीलधाऱ्यांच्या मनात किंचितही संदेह नाही. माणसाने कुत्र्याची राखण करावी आणि तिसऱ्याच माणसाने त्याचे पैसे मोजावेत, हे कोणत्या कलमात बसते, याचा उलगडा त्यांना अद्याप झालेला नाही. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्गात जाण्याचे नाकारून इंद्राला रथासह ताटकळत ठेवले. हिमालयाच्या पायथ्याशी अशी एखादी सोय असती तर तो पेच टळला असता हे खरे, पण मग युधिष्ठिराने स्वर्गातून दिवसाकाठी किती वेळा ‘जेवला का?’ असे विचारले असते, हा प्रश्न उरतोच.

या वसतिगृहाची इमारत बहुधा आधी दुसऱ्याच कामाची असते. बंद पडलेल्या पोल्ट्रीची पत्र्याची शेड, तिच्यात वीटकामाने पाडलेल्या खोल्या, प्रत्येक खोलीपुढे ‘रन’ नावाची, म्हणजे कुत्र्याने मोकळेपणी येरझाऱ्या घालाव्यात यासाठी जाळीने बंदिस्त केलेली चिंचोळी जागा, मध्ये सामाईक अंगण, अंगणात एखादा आंबा, आणि रस्त्याच्या बाजूस एकामागोमाग एक अशी दोन फाटके, असा हा एकूण आराखडा होय. दोन फाटकांपैकी एक नेहमी बंद ठेवायचे असते, कारण पाहुण्यांपैकी कोणी ना कोणी निसटण्याच्या संधीची वाटच पाहत असतो. कोंबड्या जाऊन वर्षे लोटली आणि शेडला चुन्याचे दोन हात दिले, की माणसाच्या दृष्टीने पोल्ट्रीचा इतिहास संपतो. परंतु माणसाच्या नाकात जेथे पन्नास-साठ लाख गंधग्राही पेशी असतात तेथे कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या पुढे जातात, आणि त्यामुळे नवा पाहुणा पहिला दिवस या वास्तूच्या इतिहासाचे साधनांसह अध्ययन करण्यात घालवतो. या संशोधनाचे निष्कर्ष तो कोपऱ्याकोपऱ्यांतून पाय वर करून नोंदवतो आणि पुढचा अभ्यासक त्यांचे तातडीने खंडन करतो.

प्रवेशाचा विधी कागदपत्रांपासून सुरू होतो. लसीकरणाचे कार्ड, त्यावर रेबीजची आणि डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो इत्यादी रोगांवरील एकत्रित लसीची चिकटपट्टी, शक्य असल्यास ‘केनेल कफ’वरील लस, म्हणजे अनेक कुत्री एकत्र ठेवल्यावर भराभर पसरणाऱ्या आणि घशात हाड अडकल्याचा भास निर्माण करणाऱ्या संसर्गजन्य खोकल्यावरील लस, एवढे पाहून झाल्यावर सांभाळणारा माणूस कुत्र्याचे कान उलटे करतो, बोटांमधल्या फटी उघडतो आणि गोचीड शोधतो. ऊन तापू लागले की गोचिडांची पैदास वाढते, आणि एर्लिकिया व बबेसिया या जंतूंमुळे येणारा गोचीडताप त्यांच्याच चाव्यातून पसरतो, त्यामुळे या तपासणीत भिडस्तपणा चालत नाही. गोचीड सापडल्यास मालक ती वाटेतच, बहुधा भूगावच्या सिग्नलला, चढली असावी असा खुलासा करतात, आणि भूगावचा वाहतुकीचा खोळंबा ज्ञात असल्याने तो कोणी खोडून काढत नाही.

कागदपत्रांनंतर सामान येते. कुत्र्याला लागते काय, तर गळ्याचा पट्टा, साखळी आणि पाण्याचे भांडे. येते काय, तर गादी, दुसरी गादी, उशी, हिवाळ्यात शिवलेला स्वेटर, आवाज करणारे रबरी बदक आणि चार पानी सूचनापत्र. या सूचनापत्रांचा अभ्यास स्वतंत्रपणे होण्याजोगा आहे. त्यात औषधांच्या वेळा एका ओळीत उरकलेल्या असतात, मात्र ताटली पुसून मगच समोर ठेवावी, दहीभातातला भात मऊ असावा, पावाला लोणी एकाच बाजूने लावावे, झोपण्यापूर्वी त्याच्याशी पाच मिनिटे बोलावे आणि ते शक्यतो मराठीत बोलावे, ही कलमे सविस्तर असतात. शाकाहारी घरांतून आलेल्या कुत्र्यांच्या पत्रात ‘आमचा लाडू अंडेसुद्धा खात नाही’ असे अधोरेखित केलेले असते. वसतिगृह हा नियम प्रामाणिकपणे पाळते आणि लाडूला पनीर-भातच वाढते. शेजारच्या रॉटवायलरच्या भांड्यात तोंड घालण्याचा निर्णय हा सर्वस्वी लाडूचा वैयक्तिक निर्णय असतो. नावांचा उल्लेख आलाच आहे, तर इतके नोंदवणे अवश्य आहे की न्यूफाउंडलंड, स्कॉटलंड आणि चीन अशा दूरदूरच्या प्रदेशांत मूळ असलेल्या जातींची ही कुत्री लाडू, बर्फी, मोदक अशी नावे धारण करीत असता, फाटकाबाहेरची अस्सल गावठी कुत्री मात्र टायगर, टॉमी आणि रॉकी या नावांनी ओळखली जातात. केवळ एखादा खंड्या जुन्या वळणाचा उरला आहे.

निरोपाच्या प्रसंगी दोन्ही पक्ष विलाप करतात, पण त्यांच्या कालावधीत लक्षणीय अंतर आढळते. कुत्र्याचा आक्रोश गाडी वळणाआड जाईपर्यंत टिकतो आणि त्यानंतर त्याचे लक्ष जाळीपलीकडे चरणाऱ्या म्हशीकडे वळते. मालकांचा चांदणी चौकापर्यंत टिकतो, आणि तेथून पहिला फोन येतो.

वसतिगृहाचा दिवस कोकिळ सुरू करतो. चैत्रात तो पहाटे चार-साडेचारलाच आंब्यावर बसून स्वर चढवीत नेतो, त्यावर बीगल जातीचा कोणी पाहुणा, ज्याच्या पूर्वजांना सशाच्या मागावर असताना दूरवरच्या शिकाऱ्याला ऐकू जाईल असा गळा मुद्दाम जोपासून दिला गेला, तितकेच लांब उत्तर देतो, आणि पुढील क्षणी उरलेली सर्व कुत्री विषय ठाऊक नसतानाही चर्चेत सामील होतात. सांभाळणारा माणूस, ज्याला सगळे मामा म्हणतात, अंथरुणातूनच एक शिवी घालतो, ती कोकिळाला असते. इवान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाला पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि अन्नाची खूण पटताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते या सवयजन्य प्रतिक्षिप्त क्रियेच्या अभ्यासाने तो अजरामर झाला. त्याला त्यासाठी सेंट पीटर्सबर्गची प्रयोगशाळा लागली, तर येथे तोच प्रयोग पत्र्याच्या बादलीच्या कडीवर रोज दोनदा होतो. बादलीत कोंबडीचे उकडलेले मांस, भात, लाल भोपळा आणि चिमूटभर हळद असते. कांदा-लसूण नसतो, कारण त्यांतील घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. घरी हाताने भरवल्याखेरीज घास न घेणारा पाहुणा पहिल्या संध्याकाळी भांड्याकडे पाठ करून बसतो, दुसऱ्या सकाळी शेजाऱ्याचे भांडे रिकामे होताना पाहतो, आणि दुसऱ्या संध्याकाळी बादलीची कडी वाजताच जाळीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहतो. पावाच्या कोणत्या बाजूला लोणी होते, याची चौकशी त्यानंतर होत नाही.

दुपार हा या ऋतूतील अवघड प्रहर होय. पारा चाळिशीकडे सरकू लागतो, आणि कुत्र्याला घाम येण्याची सोय पंजांच्या तळव्यांपलीकडे फारशी नसल्याने तोंड उघडून जीभ बाहेर काढणे व जलद श्वासाने आतील ओलावा उडवून शरीर थंड करणे, म्हणजेच धापणे, हाच त्याचा मुख्य उपाय असतो. कुत्र्याचे स्वाभाविक तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असल्यामुळे वर चढायला जागा थोडी असते, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना, ज्यांची श्वासाची वाट माणसाच्या आवडीपायी आखूड झाली, ही जागा त्याहूनही थोडी मिळते. अशा पाहुण्यांना अकरा ते पाच पंख्याखाली, ओल्या फरशीवर निजवले जाते. सायबेरियात उणे तापमानात बर्फावरच्या गाड्या ओढण्यासाठी घडलेला हस्की कोथरूडमधील तिसऱ्या मजल्यावर कसा पोचला, याचे समाधानकारक स्पष्टीकरण कोणत्याही शास्त्रात मिळत नाही. येथे मात्र तो आंब्याच्या आळ्यातील ओली माती उकरून स्वतःपुरता खड्डा करतो, त्यात पोट टेकून पडतो आणि हा सरळ उपाय आजवर कोणाला सुचला नाही याबद्दल खंत वाटत असल्यासारखा निळ्या डोळ्यांनी जगाकडे पाहतो. चालकाने तो खड्डा बुजवला की हस्की नवा खणतो, आणि झाडाला पाणी कोणासाठी घालावयाचे हा प्रश्न वर्षानुवर्षे अनिर्णित राहतो.

याच दिवसांत केस गळतात. हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर वरचे राठ केस आणि आतला दाट मऊ थर असे दुहेरी आवरण असते, आणि दिवस लांबू लागला की, म्हणजे थंडी संपल्याचा निरोप प्रकाशातून मिळाला की, आतला थर झुपक्यांनी सुटू लागतो. तो यंत्राने भादरू नये, कारण तेच आवरण उन्हापासूनही बचाव करते, असे पशुवैद्य सांगतात. म्हणून तो विंचरावा लागतो, आणि एका गोल्डन रिट्रीव्हरला विंचरून झाल्यावर शेजारी दुसरा गोल्डन रिट्रीव्हर तयार होण्याइतका ऐवज गोळा होतो. काटेसावरीचा कापूस उडण्याचा काळही हाच असल्याने अंगणात तरंगणारी वस्तू वनस्पतीची की प्राण्याची हे चटकन सांगता येत नाही. मामांच्या आमटीत ती उतरल्यावर मात्र सांगता येते. या आपत्तीचा लाभ घेणारा एकमेव वर्ग पक्ष्यांचा. घरटी बांधण्याच्या धांदलीत असलेले बुलबुल हे केस चोचीत भरून नेतात, आणि मुळशीतील काही पिल्ले स्कॉटिश लोकरीच्या गादीवर वाढतात.

पाहुण्यांच्या आपसांतील संबंधांविषयी मालकांना वाटते तेवढे काही सांगण्यासारखे नाही. ही कुत्री एकमेकांना हुंगतात, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करतात, ज्याचा अर्थ ‘यापुढील चावणे खेळाचे समजावे’ असा असतो, आणि कामाला लागतात. कुळाचे प्रमाणपत्र फायलीत राहते. अंगणाची सत्ता बहुतेक वेळा सर्वांत लहान आकाराच्या, सर्वांत मोठ्या आवाजाच्या पाहुण्याकडे जाते, आणि चाळीस किलोचे जर्मन शेफर्ड त्याला वाट करून देतात. ग्रामपंचायतीचे कामकाज जवळून पाहिलेल्या मामांना यात नवल वाटत नाही.

वसतिगृहाची खरी कसोटी गावच्या यात्रेत लागते. चैत्रात पुणे जिल्ह्यातील गावोगावी ग्रामदैवताची यात्रा भरते, पालखी निघते, ढोल-लेझीम होते, रात्री तमाशा किंवा ऑर्केस्ट्रा असतो, दुसऱ्या दिवशी घरोघरी मटण शिजते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात वसतिगृहाची एकही खोली रिकामी नसते. येथील कामगार याच गावचे वा शेजारच्या वाडीचे असल्यामुळे त्या दोन दिवसांत सर्वांना एकदम सुट्टी हवी असते, आणि ‘यात्रेला कामावर गेलो तर देव काय म्हंल?’ या प्रश्नाला सेवाशर्तींत उत्तर नाही. चालक, जो बहुधा संगणकाच्या नोकरीला कंटाळून शांततेच्या शोधात येथे आलेला असतो, त्या रात्री एकट्याने चौदा-पंधरा कुत्र्यांना शोभेच्या दारूकामाचे तत्त्वज्ञान समजावत बसतो. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात आणि कुत्र्याला सुमारे ४५,०००पर्यंतचे, त्यामुळे गावाला जो बार ‘फुसका निघाला’ असे वाटते, तोही वसतिगृहात पूर्ण ऐकू येतो. त्यावर उपाय म्हणून खिडक्या गोधड्यांनी झाकतात, मोठ्या आवाजाचे पंखे लावतात आणि भित्र्या पाहुण्यांना मधल्या खोलीत एकत्र घेतात. अशा वेळी मालकांनी ‘निर्भय राखणदार’ म्हणून दाखल केलेला डॉबरमन चालकाच्या मांडीवर बसतो आणि शिह त्झू शांतपणे झोपी जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी रश्श्याचा वास वाऱ्यावर आला की मागील रात्रीचे सर्व दुःख विसरून पंधरा नाके एकाच दिशेला वळतात. यात्रा नसली तरी सणांचा धोका आहेच. होळीला कोणीतरी प्रेमाने पुरणपोळी घेऊन फाटकाशी येते, आणि पुरणातले जायफळ कुत्र्याला बाधू शकते असे सांगितल्यावर ‘आमच्या खंड्यानं जन्मभर खाल्ली’ असे उत्तर मिळते, ज्याला खंड्याच्या प्रकृतीकडे पाहता प्रतिवाद करणे कठीण जाते.

संध्याकाळी साडेसहा ते आठ हा वृत्तनिवेदनाचा काळ होय. प्रत्येक घरी एक छायाचित्र, एक छोटी चित्रफीत आणि आग्रह झाल्यास व्हिडिओ कॉल, असा प्रघात पडला आहे. वास नसलेला आवाज हा कुत्र्याच्या दृष्टीने अपुरा पुरावा असल्याने पाहुणा पडद्याकडे क्षणभर पाहून मान फिरवतो, आणि श्रीनगरच्या हॉटेलात त्याचा अर्थ ‘रुसलाय’ असा लावला जातो. येथे या व्यवसायाचे मर्म आहे, आणि ते कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते : मालकाला आपले कुत्रे सुखात हवे असते, परंतु आपल्यावाचून सुखात नको असते. नवशिका कामगार उत्साहाने ‘एकदम मजेत आहे, तुमची आठवणच काढत नाही’ असे कळवतो आणि एका वाक्यात गिऱ्हाईक गमावतो. मामा मात्र मुरलेले असतात. ‘ताई, जेवला दोन्ही टाइम, खेळला पण, सकाळच्याला तेवढा फाटकाकडं बघत बसला व्हता जरा,’ असे ते सांगतात, आणि पलीकडे डोळे पुसल्याचा आवाज येतो, पण तो समाधानाचा असतो. फाटकाकडे तो म्हशीसाठी पाहत होता, हा तपशील ते गाळतात. छायाचित्रांची निवडही याच तत्त्वाने होते. तोंड उघडे, डोळे चमकते आणि अंग चिखलाने माखलेले असे चित्र खरे असूनही पाठवायचे नसते, मान किंचित कललेली आणि नजर दूरवर लागलेली असे चित्र चालते. ते जांभई संपता संपता घ्यावे लागते.

परतीच्या दिवशी भेटीचा सोहळा होतो, त्यात कुत्र्याचा आनंद संपूर्णपणे खरा असतो, आणि गाडीत बसल्यावर दहा मिनिटांत त्याला झोप लागते. घरी पोचून तो पुढचे दोन दिवस झोपून काढतो. आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ धावण्याचा तो सरळ हिशेब असतो, पण त्याची नोंद ‘विरहाने किती खंगला’ अशी होते आणि पहिल्याच संध्याकाळी पावाला दोन्ही बाजूंनी लोणी लागते. काही घरांतून आठवड्याने तक्रार येते की लाडू पनीर-भाताकडे पाहत नाही. वसतिगृह अशा वेळी हवापालटाकडे बोट दाखवते.

ज्या वाचकांच्या घरी असा जीव आहे आणि ज्यांची तिकिटे निघालेली आहेत, त्यांनी केनेल कफची लस निदान दोन आठवडे आधी द्यावी, दुसरी गादी घरीच ठेवून तिच्याऐवजी स्वतः वापरलेली, न धुतलेली एखादी जुनी चादर द्यावी, खोली गुढीपाडव्याच्या आतच नोंदवावी, फाटकातून मागे न पाहता निघावे, आणि जेवणाची बादली वाजते त्या वेळी फोन करू नये. त्या वेळी मामांचे दोन्ही हात अडकलेले असतात.